भावोजींचे पुढचे दात

माझे भावोजी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. ताईशी लग्न ठरत होतं तेव्हाही तेच वाजवत होते, आणि आमच्या बाबांनी "ते झालं, पण काम काय करता?" असं विचारल्यावर त्यांनी पुन्हा "क्लॅरिनेट वाजवतो" असंच उत्तर दिलं होतं.  ताईला तो माणूस तिथल्या तिथे आवडला. मला थोडा वेळ लागला, कारण मेहुणीनं भावोजींना असं लगेच पसंत करायचं नसतं, आधी पुरेसं छळून घ्यायचं असतं.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. ते दोघं पहिल्या मजल्यावर आणि मी त्यांच्या डोक्यावर. त्यांना मूलबाळ नाही, मी लग्नच केलं नाही, त्यामुळे तिघांचं मिळून एकच घर असल्यासारखं आहे. मी बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसते. दिवसभर जाळीतून माणसांची नुसती तोंडं बघायची, हा माझा धंदा. कोण खोटं बोलतंय, कोण घाईत आहे आणि कोण घरातून भांडून निघालंय, हे मला तिकीट फाडायच्या आत कळतं. पण घरातल्या माणसाला आपण जाळीतून बघत नाही ना! तिथे सगळाच उजेड.

भावोजींची बाहेरची खोली म्हणजे वाद्यांचं इस्पितळ आहे. बँड रविवारी संध्याकाळी बागेत वाजवतो, अधूनमधून शाळेच्या बक्षीस समारंभात किंवा एखाद्या कारखान्यात कुणी निवृत्त होत असेल तर तिथे. उरलेल्या दिवसांत गावभरचे लोक आपापली बिघडलेली वाद्यं घेऊन यांच्याकडे येतात. खिडकीखालच्या टेबलावर बारीक पेचकस, बुचाचे तुकडे, स्प्रिंगा आणि काडीएवढे ब्रश मांडलेले असतात. त्या टेबलावर कपभर चहा ठेवायचीसुद्धा कुणाची टाप नाही.

त्यांच्या स्वतःच्या क्लॅरिनेटची बडदास्त तर विचारूच नका. वाजवून झालं की आतून रेशमी फडकं ओढायचं. तोंडात धरायचा भाग, म्हणजे माउथपीस, कोमट पाण्यात धुवायचा, कोपऱ्याकोपऱ्यातून ब्रश फिरवायचा, पुसायचा आणि मखमलीत निजवायचा. शिकायला येणाऱ्यांनी यात कसूर केली की ते कडाडत. "तोंडातली ओल आत राहिली ना, की कीट बसतं! आधी वास मारतो, मग आतून कुजतं. वरून काही दिसत नाही, म्हणून सोडून द्यायचं असतं का?"

एवढं बोलून हा माणूस गोड चहात बुडवून चार बिस्किटं खायचा आणि तसाच आडवा व्हायचा. सकाळी ब्रश तोंडात जायचा तो केवळ हजेरी लावायला.

आता रक्ताची गोष्ट. क्लॅरिनेटच्या माउथपीसला वेताची एक पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. तिच्यावर खालचा ओठ येतो आणि वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकतात. भावोजींच्या बँडमध्ये एक समज कुणी पसरवलाय कोण जाणे, की रीडवर लाल डाग पडला म्हणजे रियाज मुरला. हे लोक वापरून झालेल्या रीडा एकमेकांना दाखवतात. "बघ, काल चार तास बसलो होतो!" असं म्हणत ती तांबूस पट्टी नाचवायची. भावोजींच्या रीडा सगळ्यांत लाल. ज्या गोष्टीनं दुसरा कुणी घाबरून डॉक्टरकडे पळाला असता, ती आमच्याकडे पाहुण्यांना कौतुकानं दाखवली जात होती, आणि हे एकदोन वर्षं नाही, कितीतरी वर्षं चाललं होतं.

मग त्यांचा सूर बिघडायला लागला.

मला संगीतातलं फार कळत नाही, पण जमिनीखालून येणारा आवाज मला सवयीचा होता. त्यात हवा मिसळायला लागली, फुस्स असा. भावोजींनी रीड बदलली. मग रीडेचं दुकान बदललं. मग माउथपीस नवा आणला, तो आठवडाभरात नालायक ठरला. वरच्या दातांना हादरा बसू नये म्हणून माउथपीसवर रबराचा तुकडा चिकटवतात; तो दर महिन्याला जाड व्हायला लागला. शेवटी त्यांनी वेत पिकवणाऱ्यांचा उद्धार केला. जगात आपल्या तोंडाशिवाय सगळं बिघडलंय, असं त्यांचं ठाम मत होतं.

बिघडलेलं तोंड मात्र दिसत होतं. पुढच्या दोन दातांत फट पडली होती आणि त्यातला एक थोडा पुढे आला होता. सफरचंदाच्या आधी फोडी झाल्या, मग कीस झाला आणि मग सफरचंद घरात यायचंच बंद झालं. पावाची कड ताटात राहायला लागली. बोलताना हात तोंडावर जायला लागला. आणि वास! तो ताईनं कसा सोसला ते तिलाच ठाऊक. मी एकदा म्हटलंही, "भावोजी, तुमच्या क्लॅरिनेटला वास येत नाही, तुम्हाला येतो." ते खो खो हसले, पण हात तोंडावरच ठेवून.

त्या रविवारी मी आणि ताई बागेत नेहमीच्या बाकावर बसलो होतो. भावोजींचा एकट्याचा तुकडा आला. ते उभे राहिले, पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत सूर वर चढवायचा होता, तिथे आवाज चिरकला आणि मग नुसती हवा आली. ते थांबले. ड्रमवाल्यानं झटकन टिपऱ्या चालवून वेळ मारून नेली, बँडमास्तरांनी सगळ्यांना पुढच्या ओळीवर उचललं. बागेतल्या लोकांना वाटलं असेल, असंच असतं. ताईनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

घरी येऊन त्यांनी क्लॅरिनेटची पेटी कपाटावर टाकली. ठेवली नाही, टाकली. "मास्तरांना सांगून आलोय, दुसरा माणूस बघा," म्हणाले. "दात हलतोय. दाबला की हलतो. संपलं."

"मग दातांच्या डॉक्टरकडे चला की," मी म्हटलं.

"ते सोडून काहीही बोल."

आणि मग खरं कारण बाहेर पडलं. भावोजींना ज्यांनी क्लॅरिनेट शिकवलं ते गुरुजी असाच एक हलणारा दात घेऊन डॉक्टरकडे गेले होते. काही दिवसांनी परत आले ते पूर्ण कवळी लावून. फुंकर मारली की कवळी सुटायची. त्यांनी पुन्हा कधी वाजवलं नाही. रविवारी बागेच्या कठड्याबाहेर उभे राहून बँड ऐकायचे, आत यायचे नाहीत. भावोजींनी हे वाजवता वाजवता कित्येक वर्षं बघितलं होतं. त्यामुळे त्यांचा हिशेब असा होता की डॉक्टरकडे गेलं की दात गेले. नाही गेलं तर निदान आहेत तोवर आहेत. दात वाचवण्यासाठी हा माणूस दातांच्या डॉक्टरला टाळत होता! मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दोन्ही जमलं नाही. माणूस खरंच घाबरला होता. आणि क्लॅरिनेट नसलेले भावोजी म्हणजे काय, हे त्यांनाच काय, मलाही माहीत नव्हतं.

समजावण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी मी गालाला हात लावून खाली उतरले. "भावोजी, दाढ ठणकतेय हो. एकटीला भीती वाटते. सोबत येता?"

दुसऱ्यासाठी हा माणूस आगीत उडी घेईल. लगेच चपला घातल्या. रस्ताभर मला धीर देत होते. "घाबरू नकोस. मी बाहेरच आहे."

दवाखाना एका औषधांच्या दुकानावर होता. लवंगेच्या तेलाचा वास, भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात एक कुंडी. आमची पाळी आली तशी मी त्यांचा दंड धरून त्यांना आत नेलं आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "पेशंट हे आहेत. मी नुसतं पकडून आणलंय."

भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे खाली बघितलं. पण खुर्ची समोर होती आणि परक्या बाईसमोर तमाशा करायचा त्यांचा स्वभाव नाही. बसले.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण आवाज शांत होता. "दुखतंय का?"

"अजिबात नाही."

"हिरड्यांचं तेच वाईट. त्या बोंब मारत नाहीत. दात किडला तर माणूस धावत येतो. हिरड्यांतून नुसतं रक्त येतं आणि लोक वर्षानुवर्षं थुंकून मोकळे होतात."

"आमच्यात ते रियाजाचं असतं," भावोजी म्हणाले.

"कसलं?"

त्यांनी रीडेची सगळी कथा सांगितली. डॉक्टरीणबाईंनी न हसता ऐकून घेतली, मग मापाच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई घेतली. दात आणि हिरडी यांच्यामध्ये ती हलकेच सरकवायची आणि किती आत जाते ते बघायचं. चांगल्या हिरडीत दोनतीन खुणांपर्यंत जाते, त्याहून खोल गेली तर तिथे हिरडी सुटलीय, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. मग त्या आकडे बोलत गेल्या आणि त्यांच्या मदतनीस बाई लिहीत गेल्या. तीन, चार, पाच, पाच, सहा. भावोजी आयुष्यभर ताल मोजत आलेले. त्यांना कळत होतं की हे चढत चाललंय. पुढच्या दाताशी "सात" आलं आणि त्यांचे डोळे मिटले. मग एक्स-रे काढला. मग आरशाच्या दांडीनं तो दात हलवून बघितला.

भावोजींनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. "काढा," ते म्हणाले. "सगळे काढा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"काढायचे असं कोण म्हणालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भावोजींनी एक डोळा उघडला.

त्यांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. दातांवर आणि हिरडीच्या आत वर्षानुवर्षांचं कीट दगडासारखं बसलंय. त्यात जंतू राहतात, त्यांच्यामुळे हिरडी सुजते, रक्त येतं आणि आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. झिजलेलं हाड परत पहिल्यासारखं होत नाही, पण झीज थांबवता येते. मागची एक दाढ जाईल, तिला धरायला काही उरलेलं नाही. बाकीच्या वाचतील. पुढचा दात?

"वचन देत नाही. मी आतलं साफ करणार, शेजारच्या दातांशी मागून बारीक तारेनं बांधणार. पुढचं तुमच्या हातात. रोज दोन वेळा ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून. दातांच्या फटींतून हा छोटा ब्रश. आणि मी सांगेपर्यंत वाजवायचं नाही."

भावोजींनी तो छोटा ब्रश हातात घेऊन फिरवून बघितला. त्यांच्या टेबलावरच्या ब्रशाचा जणू धाकटा भाऊ. "हा मी रोज वापरतो," ते हळूच म्हणाले. "क्लॅरिनेटला."

मी खूप काही बोलू शकले असते. पण त्या वेळी नाही बोलले, याबद्दल मला स्वतःचंच कौतुक वाटतं.

सफाई एका दिवसात झाली नाही. डॉक्टरीणबाई भूल देऊन तोंडाचा एकेक भाग करत गेल्या. भावोजी सुन्न गाल घेऊन परत यायचे आणि वाकड्या तोंडानं हातवारे करून ताईला हकिगत सांगायचे. कीट निघाल्यावर त्यांना दात उघडेवाघडे वाटायला लागले, गार पाणी झोंबायला लागलं. सूज उतरल्यावर हिरड्या आक्रसल्या आणि दात लांब दिसायला लागले. "बरं व्हायला गेलो आणि घोडा होऊन आलो," ते आरशात बघून म्हणाले.

ब्रश करताना आधी रक्त यायचंच. मग त्यांनी काय करावं? जिथून रक्त येतं तिथे ब्रश लावायचंच बंद केलं. "जखमेला कशाला खाजवायचं?" पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी नेमकी तीच जागा पकडली. "रक्त येतं म्हणून सोडली ना? अहो, सोडली म्हणून येतंय." त्या दिवशी घरी येऊन हा माणूस असा काही ब्रश करायला बसला, जणू उद्या बागेत वाजवून दाखवायचाय. टेबलावर आरसा मांडला, दिवा ओढून घेतला आणि एकेक दात घेतला. आपल्या वाद्यावर करतात तसं.

आणि थोड्या दिवसांनी सकाळी सकाळी जिन्यावरून हाका. "मेहुणीबाई! अगं, रक्तच येत नाहीये!"

"मग पेढे वाटायचे की रडायचं?"

"तेच कळत नाहीये गं," ते म्हणाले. इतक्या वर्षांची कमाई गेल्यासारखा चेहरा झाला होता बिचाऱ्याचा.

पण खरा जाच होता तो शांततेचा. खालून आवाज नाही. दुसऱ्यांची वाद्यं ते दुरुस्त करायचे पण वाजवून बघायला ड्रमवाल्याला बोलवायचे, त्याला तर सनईचं आणि बासरीचं तोंड कोणतं तेही धड माहीत नाही. रविवारी बागेत जायचं नाव काढलं की "मला काम आहे" म्हणायचे. एकदा आम्ही दोघी गेलो आणि पाहिलं तर भावोजी बागेच्या कठड्याबाहेर उभे. गुरुजी उभे राहायचे तिथेच. आम्ही त्यांना हाक मारली नाही.  ताई मुळातच कमी बोलते, या सगळ्या काळात तिनं गरम पाणी करून दिलं, भात मऊ शिजवला, वेळच्या वेळी दवाखान्याची आठवण केली, पण "काय होईल?" असं एकदाही विचारलं नाही.

शेवटी तपासणीचा दिवस आला. येताना क्लॅरिनेट घेऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. वाजवताना दातावर भार कसा पडतो ते त्यांना बघायचं होतं. या खेपेला ताईही आली. भावोजींनी पेटी छातीशी धरली होती.

पुन्हा तीच सळई आणि तेच आकडे. तीन. दोन. तीन. तीन. मागे एके ठिकाणी चार आला आणि मी घाबरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालेल, यावर लक्ष ठेवू." मग पुढचा दात. त्या थांबल्या, पुन्हा मोजलं. "तीन." आरशाची दांडी टेकवून हलवून बघितलं. मग माझ्याकडे वळून हसल्या, कारण भावोजींचे डोळे मिटलेले होते.

"बांधलेला आहे म्हणून थोडा आधार आहे, पण हिरडीनं धरलंय. राहील. दर तीन महिन्यांनी साफ करायला यायचं, आळस केलात तर मी जबाबदार नाही. काढा बाहेर ते वाद्य."

भावोजी खुर्चीतच उठून बसले. माउथपीस ओला केला, रीड बांधली. अगदी हलका ओठ लावला आणि एक खालचा, लांब सूर धरला. फुस्स नाही, चिरकणं नाही. सूर सरळ गेला, दाराबाहेर गेला, बाहेर गाल धरून बसलेल्या लोकांनी आत डोकावून बघितलं. श्वास संपला तेव्हा त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं, रीडेकडे बघितलं आणि ती आम्हाला दाखवली. कोरी पांढरी होती.  मी एवढ्या मोठ्यानं हसले की मदतनीस बाई दचकल्या.

"उद्यापासून रोज थोडं थोडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या आता."

भावोजी उतरले. आणि ताई उठली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं पदर सावरला, पर्स माझ्या हातात दिली आणि त्या खुर्चीवर जाऊन बसली.

"आता माझंही बघा," ती म्हणाली. "मलाही रक्त येतंय. बरेच दिवस झाले."

 भावोजी पुढे झाले. "तुला? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमचं काय होतंय ते कळेना, म्हणून थांबले होते," ताई म्हणाली. "तुमचा दात गेला असता, तर मी माझ्या दातांचं काय करणार होते?"

डॉक्टरीणबाईंनी तोवर आरसा तिच्या तोंडात घातला होता, त्यामुळे पुढचं तिला बोलता आलं नाही. त्यांनी सगळीकडून बघितलं. आम्ही दाराशी उभे होतो, भावोजींच्या हातात क्लॅरिनेट तसंच होतं, न पुसलेलं.

"नुसती सूज आहे," त्या म्हणाल्या. "हाडाला काही झालेलं नाही. आज साफ करते, घरी नीट ब्रश केलात तर पूर्ण बरं होईल. वेळेत आलात."

बागेत सूर तुटला तेव्हा भावोजी रडले नव्हते, दाढ काढली तेव्हा नाही आणि कठड्याबाहेर उभे होते तेव्हाही नाही. आता रडायला लागले. तोंडावर हात न नेता, सगळे दात दिसत होते.